रेशमी बटवा आणि गोपनीय टिपण

विज्ञानाचा हुशार पदवीधर उद्योगांना सल्ला देण्याच्या व्यवसायात शिरला, की 'एक चांगला विद्यार्थी विज्ञानाला मुकला' अशी हळहळ आपण शिक्षक मंडळी व्यक्त करतो. पण हा व्यवसाय नावारूपाला आणणाऱ्यांत एक रसायनशास्त्रज्ञच होता, हे आपल्या फारसे ध्यानात नसते.

आर्थर लिटल हा १८६३ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे जन्मला. 'एमआयटी' या तंत्रशिक्षण संस्थेत तो रसायनशास्त्र शिकला. पदवी मात्र न घेताच एका कागद गिरणीत नोकरीला लागला. तेथे लाकडाचे तुकडे सल्फाइटच्या आम्लधर्मी द्रावणात शिजवून लगदा करीत. लाकडातील लिग्निन विरघळते आणि सेल्युलोजचे तंतू उरतात, हे पुस्तकात सोपे वाटते. त्याच आम्लाने शिजवण्याचे पात्रही खाल्ले जाऊ लागले, म्हणजे खरा अभ्यास सुरू होतो!

१८८६ साली रॉजर ग्रिफिन या रसायनशास्त्रज्ञाशी भागीदारी करून लिटलने बॉस्टनमध्ये व्यवसाय थाटला. कारखानदारांच्या मालाचे पृथक्करण करायचे आणि उत्पादनाच्या पद्धती सुधारून द्यायच्या, हे त्यांचे काम. १८९३ साली प्रयोगशाळेतील अपघातात ग्रिफिन दगावला. कागदनिर्मितीच्या रसायनशास्त्रावरील दोघांचे पुस्तक त्यानंतर, १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकट्या उरलेल्या लिटलने काम चालू ठेवले आणि १९०९ साली स्वतःच्या नावाची कंपनी स्थापन केली.

डुकरिणीच्या कानाचा रेशमी बटवा होत नाही, अशी इंग्रजीत एक म्हण आहे. आपल्या 'कोळसा उगाळावा तितका काळाच' या म्हणीच्याच जातीची. १९२१ साली लिटलने ती खोटी पाडायचे ठरवले. शंभर पौंड कानांपासून सरस तयार करविला. त्याचे द्रावण बारीक छिद्रांतून दाबून धागे काढले, ते फॉर्मल्डिहाइडने घट्ट केले, ग्लिसरिनने मऊ केले आणि मागावर विणून बटवा केला. कानातील कोलॅजेन हे प्रथिन आणि रेशीम हेही प्रथिनच. रेशमाचा किडा तरी दुसरे काय करतो? बाजाराच्या दृष्टीने या बटव्याला काही किंमत नव्हती. पण तो कसा केला, हे लिटलने पुस्तिका काढून सर्वांना सांगितले, ही गोष्ट आम्हांला बटव्याहून मोलाची वाटते.

१९३५ साली लिटल वारला. कंपनी वाढत गेली. १९५४ पासून लिगेट अँड मायर्स या सिगारेट कंपनीसाठी तिने उंदरांवर प्रयोग केले. सिगारेटच्या धुराचा अर्क त्यांच्या कातडीला लावला असता गाठी आल्या. प्रयोग चोख होते, त्यांत विज्ञान कोठेही सुटले नव्हते. १९६१ साली कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ग्राहकासाठी एक टिपण लिहिले. सिगारेटमध्ये कर्करोग उत्पन्न करणारे आणि त्याला चालना देणारे पदार्थ आहेत, असे त्यात स्वच्छ नमूद होते.

टिपणावर 'गोपनीय' असा शेरा होता. ज्याने पैसे मोजले, निष्कर्ष त्याच्या मालकीचे. प्रयोगशाळेतून सल्लागाराच्या खुर्चीत जाताना पृथक्करण, मापन, तर्क हे सारे बरोबर नेता येते. जे सापडले ते जगाला सांगण्याची मुभा मात्र कराराच्या कलमांत अडकते. हे टिपण लोकांसमोर आले ते १९८८ साली, न्यू जर्सीतील एका खटल्यात. फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या एका स्त्रीच्या पतीने तो चालवला होता.