संगणक-पाठांचे शुद्धिपत्र

ग्रंथाच्या अखेरीस शुद्धिपत्र जोडण्याचा रिवाज फार जुना असला, तरी ज्या विद्येत शिष्याला पाठातले अक्षर अन् अक्षर यंत्रापुढे जसेच्या तसे मांडावे लागते, त्या प्रोग्रामिंगच्या विद्येत त्याला जे महत्त्व आले, ते अन्यत्र क्वचितच लाभले असेल; कारण काव्यातला चुकलेला ऱ्हस्वदीर्घ सुजाण वाचक मनातल्या मनात सुधारून पुढे जातो, आणि नवशिक्या प्रोग्रामर मात्र छापील पाठ चुकेल अशी शंकाही न घेता सारा कसूर आपल्याच बुद्धीच्या माथी मारतो.

या विद्येचा आद्य पाठ म्हणून ज्याचा गौरव होतो, तोच मुळी सदोष छापला गेला. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित विश्लेषक यंत्रावर मेनाब्रेआ या इटालियन अभियंत्याने १८४२ साली फ्रेंचमध्ये लिहिलेल्या लेखाचा एडा लव्हलेस यांनी इंग्रजी तर्जुमा केला आणि १८४३ साली तो स्वतःच्या विस्तृत टिपांसह प्रसिद्ध केला. मूळ लेखात एक अक्षर बदलून 'प्रसंग' या अर्थाच्या शब्दाऐवजी 'कॉस' असे छापले गेले होते. ते बाईंनी निमूटपणे तसेच उतरविले. उलट, बर्नुली संख्यांच्या गणितात खुद्द बॅबेज यांनी केलेली गंभीर चूक बाईंनीच हेरून परत पाठविली, अशी कबुली बॅबेज यांनी आत्मचरित्रात दिली आहे. आणि त्याच संख्यांसाठी सिद्ध केलेल्या पंचवीस क्रियांच्या कोष्टकात चौथ्या क्रियेचे भाज्य व भाजक उलटे पडले, शेजारच्या रकान्यात भागाकाराचे फळ मात्र बिनचूक राहिले! यंत्र कधी पूर्ण झालेच नाही, म्हणून ही विसंगती चालू यंत्रावर उघडकीस येण्याचा प्रसंग आला नाही.

घरगुती संगणकांच्या काळात हा प्रसंग रोजचाच झाला. अमेरिकेतील 'कॉम्प्यूट!' मासिकात पानेच्या पाने प्रोग्राम छापून येत, वाचक ते रात्र रात्र बसून टंकित करीत, आणि छापण्यातल्या चुकांचा खुलासा पुढे एका स्वतंत्र सदरातून होई. १९८३ साली या मासिकाने 'ऑटोमॅटिक प्रूफरीडर' नावाची तजवीज काढली : ओळ संपताच यंत्र त्या ओळीतील चिन्हांच्या बेरजेवरून एक अंक दाखवी, आणि छापील अंकाशी त्याची रुजुवात पाहून वाचक पुढे सरके. परंतु दोन अक्षरांची अदलाबदल झाली, तर बेरीज तीच राहत असल्यामुळे ती चूक निसटे. म्हणजे ज्याने इतरांची परीक्षा घ्यावयाची, त्याचीच सुधारलेली आवृत्ती पुढे काढावी लागली.

१९६८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला डोनल्ड क्नूथ यांचा 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग' हा ग्रंथ नवशिक्यांसाठी नव्हे. तथापि चूक दाखविणाऱ्यास इनाम देण्याचा त्यांचा परिपाठ या साऱ्या व्यवसायाला वळण लावून गेला. इनामाची रक्कम २.५६ डॉलर, कारण २५६ सेंट म्हणजे षोडशमान पद्धतीतला एक डॉलर. २००८ साली धनादेशांच्या अफरातफरीमुळे खरे धनादेश बंद होऊन काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे सुरू झाली, तरी त्यांचा मान घटला नाही. पाठ अडला की आधी स्वतःची टंकलेली ओळ तपासावी आणि ती शुद्ध ठरल्यास निःशंकपणे लेखकाला जाब विचारावा, हा अधिकार वाचकाला अशा व्यवहारांनी बहाल केला. पाठ लिहिणाऱ्यांनीही तो उपकार मानून स्वीकारला, हीच या शास्त्राच्या अध्यापनाची खरी मिळकत होय.