कायद्याने हरलेला, माणसांनी राखलेला क्लब

१/
१२ नोव्हेंबर २०००. सिडनीच्या रस्त्यांवरून सुमारे ८० हजार माणसे लाल-हिरवे झेंडे घेऊन चालली होती. निवडणूक नव्हती, संप नव्हता. ज्या संघासाठी ती चालत होती, त्या संघाने त्या वर्षी अव्वल स्पर्धेतला एकही सामना खेळलेला नव्हता. आजचा धागा या संघाचा आणि त्याला तगवून धरणाऱ्या बिनपगारी माणसांचा.

२/
संघाचे नाव साउथ सिडनी. लोकांच्या तोंडी ‘रॅबिटोज’. स्थापना १७ जानेवारी १९०८, रेडफर्नच्या नगरभवनात. रेडफर्न म्हणजे रेल्वे कारखान्यांच्या कुशीतली कष्टकऱ्यांची वस्ती. पुढे शहरी आदिवासी चळवळीचेही ते केंद्र झाले. गल्लोगल्ली सशाचे मांस विकणाऱ्यांच्या आरोळीवरून हे टोपणनाव पडले, असे सांगतात.

३/
हे लोक खेळत ती ‘रग्बी लीग’. तिचा जन्मच मजुरीच्या प्रश्नातून झाला. उत्तर इंग्लंडमधले खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांचा रोज बुडे. तो भरून देण्यास रग्बीच्या धुरीणांनी नकार दिला. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी वेगळी चूल मांडली.

४/
सिडनीतही तेच घडले. १९०७ साली अ‍ॅलेक बर्डन हा खेळाडू सामन्यात जखमी झाला आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई त्याला मिळाली नाही. त्या असंतोषातून १९०८ मध्ये नवी स्पर्धा उभी राहिली. तिचे पहिले विजेतेपद साउथ सिडनीने मिळवले. १९७१ पर्यंत अशी २० विजेतेपदे त्यांच्या नावावर जमा झाली होती. त्यानंतर मात्र दीर्घ उतरण लागली.

५/
आता १९९० चे दशक. सशुल्क दूरचित्रवाणीचा काळ सुरू झाला होता आणि रग्बी लीगचे प्रक्षेपण म्हणजे सोन्याची खाण होती. रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज लिमिटेडने ‘सुपर लीग’ नावाची प्रतिस्पर्धी स्पर्धा आखली. १९९७ साली एकाच देशात दोन स्पर्धा समोरासमोर चालल्या. दोन्ही पक्ष पैशाने आणि प्रेक्षकांनी खंगले. त्याच डिसेंबरात तह झाला.

६/
तहातली एक अट पुढच्या सगळ्या संघर्षाचे मूळ ठरली. १९९८ मध्ये एकत्रित स्पर्धेत २० संघ होते. २००० पर्यंत ते १४ वर आणायचे होते. प्रेक्षकसंख्या, गुण, उत्पन्न अशा निकषांवर क्रमवारी लागणार होती. जे क्लब विलीन होतील, त्यांना जागेची हमी होती. बाल्मेन आणि वेस्टर्न सबर्ब्स एकत्र आले. मॅनली आणि नॉर्थ सिडनी एकत्र आले.

७/
साउथ सिडनीने विलीनीकरण नाकारले. अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स हे याच संघाचे माजी खेळाडू. नाव, रंग आणि वस्ती सोडून उरणारा क्लब हा आपला क्लब नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. १० ऑक्टोबर १९९९ रोजी सुमारे ४० हजार लोकांनी मोर्चा काढला. पाचच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, संघाला स्पर्धेबाहेर काढल्याचे जाहीर झाले.

८/
इथे क्षणभर थांबून विचार करावा. सामना नाही म्हणजे तिकीटविक्री नाही. दूरचित्रवाणीवर दर्शन नाही म्हणजे प्रायोजक नाही. खेळाडू दुसरीकडे जाणार, कारण त्यांनाही घर चालवायचे असते. वर न्यायालयाचा खर्च. संस्था म्हणून ज्याला आपण क्लब म्हणतो, त्याचे जवळजवळ सर्व आधार एका घोषणेने निखळले होते.

९/
उरली ती समर्थक माणसे. त्यांनी देणग्या गोळा केल्या, निधीसाठी कार्यक्रम भरवले, सह्यांच्या मोहिमा चालवल्या, सभासदत्वे टिकवली. कित्येकांनी न्यूज लिमिटेडची वृत्तपत्रे घेणे थांबवले. संघच मैदानात नसताना सभासद राहणे म्हणजे पाहायला न मिळणाऱ्या खेळाची वर्गणी भरणे. ही कामे रटाळ होती, आणि ती दोन हंगाम चालू राहिली.

१०/
या समर्थकांत एक नाव आपल्या क्रिकेटप्रेमींच्या ओळखीचे आहे : माइक व्हिटनी. १९९२ साली पर्थच्या कसोटीत सचिन तेंडुलकरने ११४ धावांची खेळी केली. त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात २७ धावांत ७ बळी घेऊन भारताला गुंडाळणारा डावखुरा गोलंदाज तोच. अशा प्रसिद्ध चेहऱ्यांमुळे लढ्याला आवाज मिळाला. रोजचा भार मात्र अनामिकांनीच वाहिला.

११/
३ नोव्हेंबर २००० रोजी संघीय न्यायालयाने क्लबचा दावा फेटाळला. लढा तिथेच संपणे स्वाभाविक होते. पण आरंभी सांगितलेला ८० हजारांचा मोर्चा या निकालानंतर अवघ्या नऊ दिवसांनी निघाला, हे ध्यानात घ्यावे. जिंकण्याची आशा वाढल्यावर गर्दी जमते; इथे ती हरल्यावर दुप्पट झाली.

१२/
अपिलात चित्र पालटले. ६ जुलै २००१ रोजी त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने दोन विरुद्ध एक मताने क्लबच्या बाजूने कौल दिला. ठरावीक १४ संघांपुरती स्पर्धा मर्यादित ठेवणे हे स्पर्धाविषयक कायद्याच्या विरुद्ध आहे, असा त्याचा आशय होता. १५ मार्च २००२ रोजी साउथ सिडनी पुन्हा मैदानात उतरले आणि शेजारच्या रूस्टर्सकडून ६-४० असे सपाटून हरले.

१३/
कथा इथे संपवली तर ती गोड वाटेल, पण अपुरी राहील. १३ ऑगस्ट २००३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने अपिलातला तो निकाल रद्द केला. म्हणजे कायद्याच्या अंतिम हिशेबात साउथ सिडनी हरले! पण तोवर संघ दुसरा हंगाम खेळत होता. त्याला पुन्हा बाहेर काढण्याचे पाऊल कोणी उचलले नाही.

१४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हाच भाग अस्वस्थ करतो. या प्रकरणाची दफ्तरे उघडली तर न्यायमूर्ती, वकील आणि कंपन्या सापडतात. विधी महाविद्यालयांतही हा खटला अभ्यासला जातो. पण माझ्या वाचनाप्रमाणे क्लब वाचला तो २००१ चा निकाल आणि २००३ चा निकाल यांच्या मधल्या फटीत, आणि त्या फटीपर्यंत त्याला जिवंत पोहोचवले स्वयंसेवकांनी. फुकट केलेल्या श्रमाची पावती नसते, म्हणून दफ्तरात त्याची नोंदही नसते.

१५/
आणि एक बोचरा प्रश्न. क्लब तगला, तरी पैशाची चणचण गेली नाही. १९ मार्च २००६ रोजी सभासदांपुढे प्रस्ताव आला : ३० लाख डॉलरच्या मोबदल्यात ७५ टक्के मालकी अभिनेते रसेल क्रो आणि उद्योजक पीटर होम्स अ कोर्ट यांना द्यावी. पिगिन्स यांनी विरोध केला. मंजुरीसाठी ७५ टक्के मते हवी होती, ७५.८ टक्के पडली. लोकांनी राखलेल्या क्लबमधला त्यांचा वाटा एकचतुर्थांश उरला.

१६/
हा विश्वासघात होता की शहाणपण? ५ ऑक्टोबर २०१४ रोजी संघाने बुलडॉग्जला ३०-६ असे हरवून ४३ वर्षांनी विजेतेपद मिळवले. प्रस्तावाच्या बाजूने मत देणारे तिकडे बोट दाखवतील. विरोधक विचारतील, मग १९९९ मध्ये आपण नेमके काय वाचवले? दोघेही त्याच मोर्चात चालले होते, हे विसरून चालणार नाही.

१७/
जाता जाता एवढेच. आपल्या गावातली व्यायामशाळा, वाचनालय, नाट्यसंस्था यांचे इतिहास लिहिताना अध्यक्षांच्या तसबिरींपाशी थांबू नका. पावतीपुस्तक कोणी सांभाळले, खुर्च्या कोणी लावल्या, पडत्या काळात वर्गणी कोणी भरली, हेही विचारा. त्यांपैकी काही माणसे अजून हयात असतील. त्यांच्याशी बोलून घ्या आणि लिहून ठेवा.