तापीवर दोनदा बांधलेला पूल

१/ मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव येथे पूर्णा तापीला मिळते. तेथून खाली, भुसावळजवळ, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६०च्या दशकात तापीवर दगडी पूल बांधला. मुख्यतः हलक्या प्रतीच्या दगडामुळे तो सोडून नवा उभारावा लागला.

२/ या दुहेरी खर्चाची झळ कोणाला? १८४९च्या करारान्वये कंपनीच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. उत्पन्न कमी पडल्यास तूट सरकारी तिजोरी, म्हणजे रयतेचा कर, भरून काढी. काटकसरीची निकड कंपनीस उरलीच नाही.

३/ १८६७ मध्ये बोरघाटातील रेल्वेपूलही कोसळला. १८६९ पासून सरकारने स्वतः लोहमार्ग बांधण्याचे धोरण स्वीकारले.

४/ खाणीतच दगड पारखला असता, तर तापीवर एकच पूल पुरला असता.