आडनावाची गोष्ट

मंडळी, भुसावळ सोडलं की दीपनगरच्या चिमण्या दिसू लागतात. आज त्या पाहत येताना आम्ही ठरवलं, की स्मिता पाटीलपासूनच सुरुवात करायची. तिचं नाव काढलं की खान्देशात कुणीतरी लगेच म्हणतं, 'आपल्या शिरपूरची!' जन्म पुण्याचा, 1955 चा. पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे मंत्री. त्यामुळे आपला हक्क सांगायला हरकत नाही. फक्त हा हक्क आपण केव्हापासून सांगू लागलो, तेही जरा पाहावं.

थोडं मागे जाऊ. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषानं केलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. पण बाई आली म्हणजे तिचं नाव मानानं आलं, असं मात्र झालं नाही.

1936 साली 'विजयाची लग्ने' या चित्रपटात रतन साळगावकर नावाची मुलगी आली. वय जेमतेम तेरा. घराण्यात कलावंतिणींची परंपरा होती, घर चालवायला पैसा हवा होता. मुलीनं कमवावं, याला कुणाची ना नव्हती. पण साळगावकर आडनाव सिनेमात नको! रतनची झाली हंसा वाडकर. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. पण पैसा घरात घ्यायचा आणि नाव दाराबाहेर ठेवायचं, हा तर्क आम्हाला अजून उलगडलेला नाही.

या हंसाबाईंनी 'संत सखू', 'रामशास्त्री', 'लोकशाहीर रामजोशी' गाजवले. 1959 चा 'सांगत्ये ऐका' तर पुण्यात शंभरावर आठवडे चालला. मग त्यांनी 'माणूस' साप्ताहिकातून आपलं आयुष्य सांगितलं. शब्दांकन अरुण साधूंचं. 1970 मध्ये त्याचं पुस्तक झालं, नाव तेच, 'सांगत्ये ऐका'. दारू, फसलेला संसार, पुरुषांनी केलेली कोंडी, काही म्हणून झाकलेलं नाही. स्वतःच्या चुकाही नाहीत. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

त्याच पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी 1977 मध्ये 'भूमिका' काढला आणि हंसाबाईंचं काम केलं स्मितानं. चित्रपटातली बाई घरी उषा, पडद्यावर उर्वशी. तिथंही नावं दोन! स्मिता मात्र मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या सांगायची तेव्हाही पाटील होती आणि 'भूमिका'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हाही पाटीलच.

काळ बदलला म्हणून असं झालं, असं आपण पटकन म्हणतो. पण नुसता काळच का? एकीमागे मंत्र्याचं घर होतं, आई विद्याताई समाजकार्यात होत्या. दुसरीमागे घरातली चूल. कुणाच्या आडनावाला डाग लागतो आणि कुणाच्या नाही, याचाही हिशेब करावा लागेल. आणि पुरस्कार मिळण्याआधी 'आपल्या शिरपूरची' म्हणणारे कितीजण होते?

हंसाबाईंचं पुस्तक पुढे इंग्रजीत गेलं. ते नेणाऱ्या दोघींपैकी एक, शोभा शिंदे, आपल्या जळगावच्या विद्यापीठातल्या. म्हणजे पुस्तकालाही खान्देशचा हात लागला. आपल्यातल्या किती जणांनी ते वाचलंय, हे आम्ही विचारत नाही. हात वर करू नका.

आता एक आमची स्वतःची गोष्ट. ऐंशीच्या दशकातली, एका कॉलेजातली. गॅदरिंगच्या नाटकात आमच्या वर्गातली एक मुलगी होती, फार गुणी. कार्यक्रमपत्रिका छापून आल्या आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. म्हणाले, काम करू द्या हवं तर, पण आमचं आडनाव नको. संध्याकाळपर्यंत सगळ्या पत्रिका दुरुस्त करायच्या होत्या. 'भूमिका' आम्ही दोनदा पाहिला होता, त्यावर वर्गात बोललोही होतो. तरी स्टाफरूममध्ये बसून आम्हीच निळ्या पेनानं तिचं आडनाव एकेका पत्रिकेवर खोडलं. ती दारात उभी होती. काम छान केलं तिनं. पुढच्या वर्षी नाटकात नव्हती.