दीर्घ आजारातील स्नायूंची झीज : ओळख आणि उपाय

दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला बँकेत येत. आदल्या वर्षी स्वतः पायऱ्या चढून आलेले गृहस्थ पुढच्या वर्षी नातवाच्या आधाराने येत आणि त्यांची सही जुळत नसे. "वय झाले" असे आम्ही म्हणत असू. पुढे माझ्या थोरल्या भावाला फुफ्फुसाचा आजार झाला. आम्ही काळजीपोटी त्याला दोन महिने अंथरुणावर ठेवले आणि डाळ, अंडी बंद करून पेजेवर ठेवले. आजार आटोक्यात आला, पण त्याला खुर्चीतून उठता येईना. बोथमधील आपल्या घरांत ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून ही माहिती.

झीज का होते?
क्षय, कर्करोग, मधुमेह तसेच हृदय, मूत्रपिंड यांच्या जुन्या आजारांत शरीरातील दाह वाढतो, भूक मंदावते आणि शरीर स्वतःच्याच स्नायूंतील प्रथिने मोडून वापरते. याला कॅकेक्सिया म्हणतात. वयोमानाने होणारी झीज ती सार्कोपेनिया. त्यात पडून राहण्याची भर पडते. एका अभ्यासात निरोगी वृद्ध केवळ 10 दिवस अंथरुणावर राहिले, तेव्हा त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस घटले.

घरी कसे ओळखावे?
- सहा महिन्यांत प्रयत्न न करता 5 टक्क्यांहून जास्त वजन घटणे. म्हणजे 60 किलोच्या माणसाचे 3 किलोंहून अधिक.
- पोटरीचा घेर पुरुषांत 34, स्त्रियांत 33 सेंटिमीटरपेक्षा कमी असणे. पाय सुजले असतील तर हे माप फसवे ठरते.
- हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला 12 सेकंद किंवा जास्त लागणे.

आहार
दीर्घ आजारातील वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. 60 किलोच्या माणसाला किमान 72 ग्रॅम. कच्च्या 100 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22, शेंगदाण्यांत 25 आणि एका अंड्यात 6 ग्रॅम प्रथिने असतात. तूर, सोयाबीन तर आपल्याच शेतात पिकतात. वरणाचे नुसते पाणी न देता घट्ट वरण द्यावे. भूक नसल्यास थोडे थोडे, पण पाच-सहा वेळा द्यावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे : डायलिसिसपूर्वी प्रथिने कमी, डायलिसिस सुरू झाल्यावर जास्त लागतात. मधुमेहात साखर काबूत नसेल तर खाल्लेले अंगी लागत नाही.

हालचाल
नुसत्या आहाराने स्नायू भरत नाहीत. डॉक्टरांच्या संमतीने खुर्चीतून उठ-बस, भिंतीला धरून टाचा उचलणे, पाण्याची बाटली उचलणे असे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस करावेत. छातीत दुखले, चक्कर आली किंवा फार धाप लागली तर लगेच थांबावे.

क्षयरोग आणि सरकारी मदत
क्षय या शब्दाचा अर्थच झीज. आयसीएमआरने झारखंडमध्ये 2,800 क्षयरुग्णांना औषधांसोबत दरमहा शिधा दिला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन 5 टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी होता. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत मिळणारे दरमहा 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. ही रक्कम थेट खात्यात जमा होते. तेव्हा रुग्णाचे खाते चालू आहे ना, आधार जोडलेले आहे ना, हे आधी पाहावे.

वजन झपाट्याने घटत असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता बोथचा सरकारी दवाखाना किंवा आदिलाबादचे रिम्स गाठावे. जाताना महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवलेले वजन सोबत न्यावे. भावाच्या वेळी अशी वही आमच्याकडे असती, तर झीज दोन महिने आधी लक्षात आली असती.