आजीचे चैत्रांगण

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसली की माझी आजी भल्या पहाटे अंगण शेणाने सारवून, ते जरा ओलसर असतानाच, चिमटीतल्या शिरगोळ्याच्या भुकटीने चैत्रांगण रेखू लागे. आणि अक्षय्यतृतीयेपर्यंतचा हा नेम, घरात बाळंतीण असो वा पाहुण्यांची पंगत, तिने कधी खंडित केल्याचे मला स्मरत नाही. वर मखरात गौर, दोहों बाजूंस सूर्यचंद्र, खाली शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मे, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती आणि शेवटी फणी-करंडा: देवलोकापासून फडताळापर्यंतचा सारा संसार ती त्या चौकटीत दाखल करून घेई, जणू एखाद्या दक्ष फडणिसाने मुलखाची जमाबंदीच लिहावी.

ही कला अर्वाचीन नव्हे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने इसवी सनाच्या १२ व्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त चित्रांचे प्रकार सांगताना धूलिचित्राचीही गणना केली आहे, मात्र ज्या हातांनी उंबऱ्याउंबऱ्यावर ही विद्या जगविली, त्यांना ना सनद मिळाली ना इनाम. आजीचे शिक्षण सासूशेजारी उकिडवे बसून झाले. (साच्याने उमटविलेल्या रांगोळीला मी नाक मुरडतो, तो पक्षपात तिथलाच.)

हळदीकुंकवाच्या दिवशी आंब्याची डाळ वाटून, पन्हे ढवळून, नातवंडांची तोंडे पुसून झाल्यावर, सांजवेळी ती दारात येई, सवाष्णींच्या पावलांखाली विस्कटलेला हत्ती क्षणभर निरखी, आणि निमूटपणे उद्याच्या भुकटीचा डबा भरून ठेवी.