शंभर वर्षांची ब्रिटिश होम चॅम्पियनशिप

फुटबॉलचा विश्वचषक १९३० मध्ये सुरू झाला. दक्षिण अमेरिकेची कोपा अमेरिका स्पर्धा त्याहून जुनी, १९१६ पासूनची. मात्र राष्ट्रीय संघांमधील पहिली नियमित स्पर्धा याच्याही बत्तीस वर्षे आधी, १८८४ मध्ये भरली. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चार संघांची ही 'ब्रिटिश होम चॅम्पियनशिप' दोन महायुद्धांचा काळ वगळता तब्बल शंभर वर्षे चालली आणि १९८४ मध्ये बंद पडली. विश्वचषकात ब्रिटनचा एक संघ न उतरता चार स्वतंत्र संघ का उतरतात, हा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी या स्पर्धेच्या इतिहासात सापडते.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळच्या एका क्रिकेट मैदानावर झाला आणि गोलशून्य बरोबरीत सुटला. पुढे वेल्स आणि आयर्लंडनेही संघ उभे केले. पण प्रत्येक संघटनेचे नियम निराळे. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला, तर तो आत कसा फेकायचा यावरही एकमत नव्हते. अखेर डिसेंबर १८८२ मध्ये चारही संघटनांचे प्रतिनिधी मँचेस्टरला एकत्र बसले आणि समान नियम ठरले. त्यातूनच वार्षिक स्पर्धेचा मार्ग मोकळा झाला. २६ जानेवारी १८८४ रोजी बेलफास्ट येथे स्कॉटलंडने आयर्लंडचा ५-० असा धुव्वा उडवून स्पर्धेचा प्रारंभ केला आणि तिन्ही सामने जिंकून पहिले जेतेपदही पटकावले.

नियमांच्या या एकवाक्यतेतून १८८६ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटना मंडळ स्थापन झाले. खेळाचे नियम आजही हेच मंडळ ठरवते. त्यात चार ब्रिटिश संघटनांना प्रत्येकी एक आणि 'फिफा'ला चार मते असून, नियम बदलण्यासाठी सहा मतांची गरज असते. लोकसंख्येने लहान असलेल्या वेल्सचा शब्द येथे इंग्लंडइतकाच वजनदार ठरतो, हे विशेष.

स्पर्धेचे स्वरूप साधे होते. प्रत्येक संघ इतर तिघांशी एकदा खेळे. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. गुण समान झाल्यास जेतेपद वाटून दिले जाई. १९५६ मध्ये तर चारही संघांचे गुण सारखेच झाल्याने चौघेही विजेते ठरले! गोलफरकाचा नियम १९७८-७९ च्या मोसमात आला. विभागून मिळालेली जेतेपदे धरता इंग्लंडने ५४ वेळा, स्कॉटलंडने ४१, वेल्सने १२, तर आयर्लंडने (नंतरच्या उत्तर आयर्लंडने) आठ वेळा ही स्पर्धा जिंकली. आयर्लंडचे पहिले निर्विवाद जेतेपद १९१४ चे.

स्पर्धेचा प्राण मात्र इंग्लंड-स्कॉटलंड लढत हाच होता. ५ एप्रिल १९०२ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर या लढतीवेळी लाकडी सज्जा कोसळून २५ जण मृत्युमुखी पडले. सामना पूर्ण करण्यात आला, पण निकाल रद्द झाला. बर्मिंगहॅम येथे तो पुन्हा खेळवला गेला आणि त्याचे उत्पन्न आपद्ग्रस्तांना देण्यात आले. १९३७ मध्ये हॅम्पडन पार्कवर ही लढत पाहायला सुमारे एक लाख ४९ हजार प्रेक्षक लोटले होते. १९६७ मध्ये विश्वविजेत्या इंग्लंडला स्कॉटलंडने वेम्ब्लीवरच ३-२ असे नमवले, त्याची आठवण स्कॉटिश चाहते अजूनही काढतात.

स्वाभिमानाचा अतिरेकही येथेच दिसला. १९४९-५० ची स्पर्धा विश्वचषकाची पात्रता फेरी होती आणि पहिल्या दोन संघांना प्रवेश मिळणार होता. मात्र 'विजेते ठरलो तरच जाऊ', असा पण स्कॉटिश संघटनेने केला. संघ दुसरा आला आणि हक्काचे स्थान असूनही घरीच राहिला. (त्याच ब्राझीलमधील विश्वचषकातून भारतानेही माघार घेतली होती; कारणे अर्थातच वेगळी.)

पुढे विश्वचषक आणि युरोपीय स्पर्धांचे महत्त्व वाढले, तसे 'घरच्या' सामन्यांचे आकर्षण ओसरले. १९६९ पासून सर्व सामने मोसमाअखेरीस आठवडाभरात उरकले जाऊ लागले. १९७७ मध्ये विजयाने बेभान झालेल्या स्कॉटिश चाहत्यांनी वेम्ब्लीचा गोलखांब मोडला, हिरवळीचे तुकडे उखडून नेले. १९८१ मध्ये उत्तर आयर्लंडमधील अशांततेमुळे इंग्लंड आणि वेल्सने बेलफास्टला जाण्यास नकार दिला आणि स्पर्धा अर्धवट राहिली. अखेर १९८३ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडने आगामी मोसमानंतर खेळणार नसल्याचे जाहीर केले. बलाढ्य परदेशी संघांशी खेळणे अधिक फायद्याचे, असा त्यामागील हिशेब होता. वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांना मात्र याच सामन्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. त्यांचे म्हणणे विचारात घेतले गेले, असे दिसत नाही. शिवाय उत्तर आयर्लंडला दुबळा म्हणण्याजोगी स्थितीही नव्हती. १९८२ च्या विश्वचषकात याच संघाने यजमान स्पेनला हरवले होते.

अखेरची स्पर्धा त्यामुळेच लक्षात राहते. डिसेंबर १९८३ मध्ये बेलफास्टला उत्तर आयर्लंडने स्कॉटलंडला २-० असे हरवले. पुढे इंग्लंडकडून ०-१ असा पराभव आणि वेल्सशी १-१ बरोबरी. आता सारे २६ मे १९८४ च्या इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यावर अवलंबून होते. दोघांपैकी कुणीही जिंकला असता, तर जेतेपद त्याचेच होते. हॅम्पडन पार्कवर मार्क मॅकगीने स्कॉटलंडला आघाडी मिळवून दिली, टोनी वुडकॉकने इंग्लंडला बरोबरी साधून दिली आणि सामना १-१ असा संपला. चारही संघांचे प्रत्येकी तीन गुण झाले आणि सरस गोलफरकावर उत्तर आयर्लंड अखेरचा विजेता ठरला. राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३५ मध्ये घडवलेला चांदीचा करंडक तेव्हापासून बेलफास्टच्या आयरिश फुटबॉल संघटनेकडेच राहिला.